केशभूषा व सामाजिक दर्जा, महाराष्ट्रातील

डोक्यावरील केसांची कापणी, राखण, बांधणी व सजावट यांवरून व्यक्तीचे वय, वैवाहिक स्थिती, जात, पंथ व मानमरातब ओळखण्याची रीत बहुतेक सर्व प्राचीन समाजांत आढळते. महाराष्ट्रात ती विशेष गुंतागुंतीची होती. येथे केशरचनेचा आकार हा दर्जाचा एक निदर्शक होता; तथापि आपल्या केसांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कोणास आहे, ते राखावेत की उतरवावेत हे कोण ठरवितो आणि वस्तरा कोणाच्या डोक्यास लागू शकतो, या प्रश्नांच्या उत्तरांतून दर्जा अधिक स्पष्टपणे व्यक्त होई. म्हणून केवळ केशरचनांचे प्रकार नोंदवून हा विषय संपत नाही. शिल्पे व चित्रे यांतून मुख्यतः संपन्न वर्गाचे दर्शन घडते. उरलेल्या समाजाची माहिती स्मृतिग्रंथ, आत्मचरित्रे, जिल्हा गॅझेटिअर आणि भाषेतील वाक्प्रचार यांतून गोळा करावी लागते.

तुलनेसाठी प्राचीन ईजिप्तचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथील उच्चवर्गीय स्त्रीपुरुष स्वतःचे केस आखूड ठेवून किंवा पूर्णपणे काढून त्यांवर मानवी केसांचे टोप घालीत. टोपाची लांबी, त्यातील बारीक वेण्यांची संख्या आणि त्यावरील पट्ट्या यांवरून धन्याचा दर्जा समजे. देर अल्-मदीना येथील खा या अधिकाऱ्याच्या व त्याची पत्नी मेरित हिच्या थडग्यात १९०६ मध्ये तिचा असा एक टोप त्याच्या पेटीसह सापडला. तो तूरिन येथील संग्रहालयात आहे. मुलांच्या मुंडन केलेल्या डोक्यावर एका बाजूस बट राखीत व वयात आल्यावर ती कापीत. पुरोहित शुचितेसाठी सर्वांगाचे केस काढीत. म्हणजे ईजिप्तमध्ये मुंडित मस्तक हे देवाच्या सान्निध्याचे लक्षण होते. महाराष्ट्रात तेच मुंडन संन्याशाला पूज्य ठरवी, तर विधवेला अशुभ ठरवी. एकाच कृतीचे असे दोन परस्परविरोधी अर्थ का झाले, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

प्राचीन काळ : महाराष्ट्रातील केशभूषेचा सर्वांत जुना सलग पुरावा सह्याद्रीतील लेण्यांत आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील स्त्रीपुरुषांच्या जोड्यांत पुरुषांच्या डोक्यास पुढे मोठी गाठ असलेली पागोटी आहेत. स्त्रियांचे केस शिरोभूषणांखाली दाबून बसविलेले व मागे सोडलेले दिसतात. भाजे येथील शिल्पांतही भरघोस पागोटी आहेत. यावरून सातवाहनकाळातील प्रतिष्ठित पुरुषाचे मस्तक उघडे नसे आणि केस व वस्त्र यांचा मिळून एकच शिरोवेष असे, असे अनुमान निघते.

रायगड जिल्ह्यात (१९८१ पर्यंतचा कुलाबा जिल्हा) रोह्याच्या दक्षिणेस राजपुरीच्या खाडीजवळ कुडे येथे सव्वीस लेणी आहेत. त्यांपैकी सहाव्या लेण्याच्या ओसरीत अशाच जोड्या कोरलेल्या आहेत. येथील शिलालेखांत महाभोज या स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या कुळांबरोबर वैद्य, व्यापारी, भिक्षुणी यांची दाने नोंदलेली असून त्यांत एक मालाकार म्हणजे फुलांच्या माळा करणाराही आहे. लेणे खोदविण्याइतकी मिळकत फुलांच्या व्यवसायातून होत असेल, तर डोक्यात माळ घालणारा वर्ग या खाडीकाठी बराच मोठा असला पाहिजे. केशभूषेच्या इतिहासात राण्यांच्या मुकुटांची चर्चा बरीच होते. या माळ्याच्या लेखाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

तेर (प्राचीन तगर) येथे सातवाहनकाळातील मातीच्या व हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडल्या आहेत. तेरच्या हस्तिदंती मूर्तीशी शैलीने जवळची असलेली एक भारतीय मूर्ती इटलीत पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळाली. ते नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेल्यामुळे या मूर्तीचा काळ निश्चित करता येतो. तिच्या पाठीवर रुळणारी अलंकृत वेणी कारागिराने मागील बाजूस बारकाईने कोरली आहे; त्यामुळे दख्खनच्या परिसरातील संपन्न स्त्रीची वेणी मागून कशी दिसे, हे समजण्याची दुर्मिळ सोय झाली.

अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील भित्तिचित्रांत केशरचनांचे वैविध्य पराकोटीस पोहोचले आहे. कपाळावर रुळणारे कुरळे, मानेवर सैल बांधलेला अंबाडा, एका बाजूस कललेली गाठ, मोत्यांचे सर, फुलांचे गुच्छ असे असंख्य प्रकार तेथे दिसतात. सतराव्या लेण्यात आरशात पाहून शृंगार करणारी राजस्त्री प्रसिद्ध आहे. मात्र या चित्रांत दासी व चवरीधारिणी यांची केशरचनाही पुष्कळदा राण्यांइतकीच विस्तृत असते; त्यांच्यातील भेद मुकुट, रत्ने व आसन यांनी दाखविलेला आहे. त्यामुळे अजिंठ्यावरून केशरचना व दर्जा यांचे काटेकोर कोष्टक बांधण्याचा मोह टाळणे इष्ट. राजवाड्यातील दासी ही राजवैभवाचाच भाग असल्याने तिची वेणी तिच्या स्वतःच्या दर्जापेक्षा धनिणीचा दर्जा अधिक सांगत असावी.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना अभ्यंगस्नान व माल्यधारण यांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. दुसऱ्या बाजूने बौद्ध भिक्षू, जैन मुनी व पुढे महानुभाव संन्यासी यांनी केसांचा त्याग हे वैराग्याचे चिन्ह मानले. जैन मुनी तर केस हाताने उपटतात. हा त्याग स्वेच्छेने केलेला असल्यामुळे तो पूजनीय ठरला, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

पुरुषांची केशरचना : बालकाचे पहिले केस म्हणजे जावळ. ते विधिपूर्वक काढण्याच्या चौल संस्कारात शेंडी राखली जाई. शेंड्यांची संख्या व जागा यांबाबत गृह्यसूत्रांनी कुलपरंपरेस प्रमाण मानले आहे. पेशवाईत व त्यानंतरही बराच काळ हिंदू पुरुष डोक्याचा बहुतेक भाग तासून टाळूवर शेंडी ठेवीत. शेंडी ही केवळ ब्राह्मणांची खूण होती, हा आजचा समज बरोबर नाही; कुणबी, मराठा, कारागीर अशा सर्वच जातींत ती होती. भेद होता तो तिच्या विस्तारात व चेहऱ्यावरील केसांत. मोठ्या वर्तुळाकार शेंडीस घेरा म्हणत. डोक्याच्या कडेने राखलेल्या केसांच्या अरुंद पट्टीस संजाब हे नाव होते. कानांवर सोडलेली झुलपे आणि गालांवरील कल्ले हे शिपाईबाण्याचे लक्षण असून शिवकालीन चित्रांत ते ठळकपणे दिसते. भिक्षुकी करणारा ब्राह्मण मिशी काढी, राजकारणातला किंवा कारकुनी पेशाचा पुष्कळदा ती राखी. मराठ्याने मिशी उतरविणे हे वडीलधाऱ्याच्या मृत्यूखेरीज अपमानकारक समजले जाई.

भाषेतील वाक्प्रचारांतही हा व्यवहार टिकून आहे. शेंडीला गाठ मारणे म्हणजे प्रतिज्ञा करणे, शेंडी लावणे म्हणजे फसविणे, तर कोणाची बिनपाण्याने करणे म्हणजे त्याला निर्दयपणे खडसावणे. केसाने गळा कापणे हा विश्वासघात. आपले मस्तक दुसऱ्याच्या हाती देण्यातील जोखीम या सर्वांच्या मुळाशी आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाबा व जंजिरा यांवरील खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील जातिवर्णनांत घर, अन्न व वस्त्र यांबरोबर केसांची नोंदही येते; इंग्रज अधिकाऱ्यांस आणि त्यांना माहिती पुरविणाऱ्या स्थानिक कारकुनांस डोके पाहून जात ओळखणे स्वाभाविक वाटे, असे त्यावरून दिसते. या जिल्ह्यातील पेण, नागोठणे, निडी, रोहे हा पट्टा त्या दृष्टीने उद्बोधक आहे. आगरी, कोळी, कुणबी, मराठा, कातकरी, ठाकूर, ब्राह्मण, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि बेने इझ्राएल हे समाज या परिसरात एकमेकांच्या शेजारी राहत आले. बेने इझ्राएल लोकांची भाषा मराठी, आडनावे पेणकर व नवगावकर यांसारखी गावावरून पडलेली, धंदा पुष्कळांचा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांचे पुरुष डोके तासत, पण टाळूवर शेंडी न ठेवता दोन्ही कानांवर केसांचे एकेक झुबके राखीत. डोक्याच्या कडेचे केस काढू नयेत, या बायबलच्या जुन्या करारातील आज्ञेशी ही रीत जुळते. पोशाखाने शेजाऱ्यांसारखा दिसणारा हा समाज पागोटे काढताच वेगळा ओळखू येई. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य लोक इझ्राएलमध्ये स्थायिक झाले.

स्त्रियांची केशरचना : सधवा स्त्रीने केस विंचरून, तेल लावून, बांधून ठेवावेत असा दंडक होता. मोकळे केस हे सुतक, शोक, न्हाणे अथवा अंगात येणे यांचे लक्षण मानले जाई. देवीचा संचार झालेली बाई केस सोडून घुमते, ती त्या घटकेपुरती सर्व मर्यादांच्या बाहेर असते. कुमारिकेची वेणी, लग्न झालेल्या स्त्रीचा अंबाडा वा खोपा आणि श्रमजीवी स्त्रीचा घट्ट बुचडा हे ढोबळ भेद होत. ते केवळ हौसेचे नव्हते. पाण्याचे हंडे, मासळीच्या पाट्या, लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्या स्त्रीला टाळूवर चुंबळ बसण्यास जागा हवी, म्हणून तिचा बुचडा मानेवर असणे सोयीचे. डोक्यावर उंच बांधलेला खोपा हा, डोक्यावरून ओझे वाहावे लागत नाही, याचाच पुरावा असे.

सुखवस्तू घरांत अंबाड्यावर सोन्याची फुले, मूद, राखडी, केतक, केवडा व नाग, तर वेणीच्या टोकास गोंडे असत. केस विरळ असल्यास वेणीत गंगावन गुंफीत. गंगावन हे कृत्रिम केसांचे पूरक असून ईजिप्शियन टोपाचे मराठी घरातील हे दूरचे भावंड म्हणता येईल. फरक असा, की ईजिप्तमध्ये टोप हा टोप म्हणूनच मिरविला जाई, आपल्याकडे गंगावन लपविण्यात कौशल्य मानीत. कोकणात सोन्याची उणीव फुलांनी भरून निघे. अबोली, बकुळ, सुरंगी व केवडा यांनी सोनकोळी व आगरी स्त्रियांचे अंबाडे सजत. सोनकोळ्यांच्या घरी सणावारी त्यांत सोन्याच्या फुलांचीही भर पडे. फुले माळण्याचा हा अधिकार मात्र पतीच्या हयातीपुरताच होता.

विधवावपन : पतीच्या निधनानंतर स्त्रीचे मुंडन करण्याची रूढी महाराष्ट्रात ब्राह्मणांत व त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत होती. अशा स्त्रीला आयुष्यभर ठरावीक काळाने न्हाव्यापुढे बसावे लागे, तांबडे आलवण नेसून पदराने डोके झाकावे लागे आणि मंगलकार्यात पुढे येता येत नसे. बोडकी हा शब्द तर शिवीसारखा वापरीत. मुंडन न केलेल्या विधवेस सकेशा म्हणत. तिच्या हातचे अन्न श्राद्धास वा देवास चालत नसे. म्हणजे केस राखावेत तर धर्मबाह्य, उतरवावेत तर अशुभ, अशी दोन्हींकडून कोंडी होती.

या रूढीस प्राचीन स्मृतींचा आधार नाही. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या प्रश्नाची चर्चा करून तिच्या समर्थनार्थ दिली जाणारी वचने उत्तरकालीन व तुटपुंजी असल्याचे दाखविले आहे. त्यांतील स्कंदपुराणाच्या काशीखंडातील वचनाचा आशय असा, की विधवेने वेणी बांधली तर पती परलोकात बद्ध होतो. केस तिचे, पण बंधन त्याला, ही कल्पना नीट पाहिली तर पत्नीचे केस ही पतीच्या मालकीची वस्तू समजली गेली होती, हे उघड होते. मालक गेला, वस्तू काढून घेतली.

यातील सामाजिक विसंगती अशी, की वपन हे एकाच वेळी घराण्याच्या उच्चत्वाचे व घरातील स्त्रीच्या हीनत्वाचे चिन्ह होते. ज्या जातींत पाट लावण्याची म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती, त्यांत वपनाचा प्रश्न उद्भवत नसे. तेथील विधवा केस राखी, शेतावर राबे आणि पुन्हा संसार मांडू शके. एखाद्या जातीस वरचा दर्जा हवासा वाटू लागला, की प्रथम पाट बंद होई आणि विधवांवर ब्राह्मणी निर्बंध येत. पुरुषांनी मिळविलेल्या प्रतिष्ठेची किंमत अशा रीतीने स्त्रियांच्या मस्तकावर वसूल केली जाई.

राणीपदही या नियमातून पूर्णपणे सोडवू शकत नव्हते. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेस गेले व झांशीत राहिले. त्यांच्या माझा प्रवास या वृत्तांतात (प्रकाशन १९०७) राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम आला आहे. गंगाधरराव १८५३ मध्ये वारल्यानंतर राणीने वपन केले नव्हते, आणि त्याबद्दल ती नित्य प्रायश्चित्त करीत असे, असे गोडसे सांगतात. घोड्यावर बसून सैन्य चालविणाऱ्या, दरबारात न्याय देणाऱ्या स्त्रीलाही डोक्यावरील केसांचा हिशेब रोज द्यावा लागत होता. गोडसे ही गोष्ट टीकेच्या सुरात सांगत नाहीत. वरसईच्या भिक्षुकाला त्यात विशेष काही वाटले नाही, हेच या नोंदीचे मोल आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रूढीविरुद्ध चळवळ उभी राहिली. ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुष तुलना (१८८२) या पुस्तकात स्त्रीला एक व पुरुषाला दुसरा न्याय का, असा रोखठोक सवाल केला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देणारी ही संस्था पुढच्या वर्षी पुण्यास आली. गोपाळ गणेश आगरकरांनी सुधारक पत्रातून (स्थापना १८८८) केशवपनावर सडेतोड लेखन केले. हरि नारायण आपटे यांच्या पण लक्षांत कोण घेतो! या कादंबरीतील यमूच्या बळजबरीने झालेल्या वपनाने वाचकवर्ग हादरला. या सर्वांबरोबर एक कृती विशेष उल्लेखनीय आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केस न कापण्याचा निर्धार करून संप केला. बुद्धिवंतांचे वादविवाद शास्त्रार्थात अडकले असताना वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला. गावगाड्यात खालच्या पायरीवर मानलेल्या एका जातीने उच्च मानलेल्या जातींच्या क्रौर्यात भागीदार होण्यास नकार दिला, असे हे दुर्मिळ उदाहरण होय. ही चाल एका संपाने थांबली नाही; तिला ओहोटी लागण्यास पुढील कित्येक दशके जावी लागली.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी विवाह केला व १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम स्थापन केला. तो पुढे हिंगणे येथे गेला. गोदूबाईंच्या (आनंदीबाई) भगिनी पार्वतीबाई आठवले या आश्रमासाठी वर्गणी मिळवीत हिंडल्या, पुढे अमेरिकेसही गेल्या. त्या स्वतः वपन झालेल्या विधवा होत्या. नंतर त्यांनी केस राखले व माझी कहाणी या आत्मवृत्तात त्याविषयी लिहिले. प्रौढ वयात पुन्हा केस वाढविणे ही त्या काळी मोठीच जाहीर घोषणा होती. त्यासाठी भाषण करण्याची गरज नव्हती, पदर थोडा मागे घेतला तरी पुरे.

न्हावी व वस्तरा : बारा बलुतेदारांत न्हाव्याचा समावेश असे. हजामतीबरोबर अंग रगडणे, लग्नात मशाल धरणे, निरोप पोहोचविणे, गळवे फोडणे ही कामे तो करी व त्याबद्दल सुगीच्या वेळी धान्याचे बलुते घेई. सर्वांत प्रतिष्ठित डोक्यास हात लावण्याचा अधिकार त्याला होता, आणि त्याच स्पर्शामुळे हजामतीनंतर स्नान आवश्यक समजले जाई. वारकरी परंपरेतील संत सेना आणि प्रतापगडच्या प्रसंगातील (१६५९) जिवा महाला हे याच समाजातील मानले जातात.

गावातील कोणाची हजामत करावयाची व कोणाची नाही, हे न्हावी स्वतः ठरवीत नसे. ते गावाची उतरंड ठरवी. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसाच्या डोक्यास वस्तरा लावला, तर इतर लोक त्याच्याकडे येणे बंद करीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मवृत्तात्मक टिपणांत साताऱ्याच्या बालपणाची आठवण नोंदविली आहे. गावात न्हावी पुष्कळ होते, पैसे देण्याची ऐपत होती, तरी त्यांचे केस थोरली बहीण कापीत असे. कारण एकही न्हावी ते कापण्यास तयार नव्हता. विधवेच्या डोक्यावर वस्तरा लादला जात होता आणि या मुलाला तो नाकारला जात होता. वरवर विरुद्ध भासणाऱ्या या दोन गोष्टींत माणसाच्या मस्तकावरचा निर्णय त्याच्याखेरीज इतर सर्वांच्या हाती आहे, हे सूत्र समान आहे.

कुलाबा जिल्ह्यातच महाड येथे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाणवठा व वस्तरा हे अस्पृश्यतेचे रोजचे दोन अनुभव. पैकी पहिल्याविरुद्ध हा संघर्ष होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच भरलेल्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातील व हातांतील जड दागिन्यांची ओझी यांवरून तुमची जात दुरून ओळखू येते, ती ओळख टाकून द्या, असा त्याचा मथितार्थ होता. स्त्रियांनी तेथल्या तेथे नेसण्याची तऱ्हा बदलली. त्यांना साहाय्य करणाऱ्यांत वरिष्ठ जातींतील सुधारकांच्या घरच्या स्त्रियाही होत्या. हे भाषण वस्त्रालंकारांविषयीचे असले, तरी अंगावरची खूण ही वेशभूषेची बाब नसून दर्जाची बाब आहे, हे तत्त्व केशभूषेसही तंतोतंत लागू पडते.

आधुनिक काळ : इंग्रजी शिक्षणाबरोबर पुरुषांनी डोक्यावर सरसकट केस राखून ते आखूड कापण्यास सुरुवात केली. प्रारंभी यास घरातून कडवा विरोध झाला. शेंडी कापणे म्हणजे धर्म सोडणे असे मानीत. बरीच वर्षे पुष्कळांनी दोन्ही साधले, पुढे इंग्रजी केस आणि मागे त्यांत लपविलेली बारीक शेंडी. बलुत्याची जागा रोख पैशाने घेतली, न्हाव्याची धोकटी जाऊन केशकर्तनालये निघाली आणि खुर्चीवर बसणाऱ्याची जात विचारणे शहरांत हळूहळू बंद झाले. अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम १९५५ मध्ये झाला. १९७६ मध्ये तो अधिक कडक करून त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव देण्यात आले. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे त्यान्वये गुन्हा आहे. खेड्यांत मात्र कायद्यानंतरही हा नकार लगेच संपला नाही.

स्त्रियांनी आखूड केस ठेवणे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चेष्टेचा विषय होता. उत्तरार्धात नोकरी, वसतिगृह, लोकलचा प्रवास यांमुळे ते रूढ झाले. आज आखूड केसांवरून स्त्री विवाहित की विधवा, कोणत्या जातीची, हे सांगता येत नाही, आणि या विषयातील हा सर्वांत मोठा बदल म्हणावा लागेल.

तरीही जुन्या कल्पनांचे अवशेष शिल्लक आहेत. केस न विंचरल्यामुळे वा अन्य कारणाने त्यांचा गुंता होऊन जट झाली, तर ती यल्लमा देवीचा कौल समजून मुलीला देवीस सोडण्याची प्रथा दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकाच्या सीमाभागात होती. महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्ध २००५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते स्त्रियांची समजूत घालून जटा कापतात. हे काम कात्रीपेक्षा बोलण्याचेच अधिक असते, कारण जट कापली तर घरावर अरिष्ट येईल ही भीती त्या स्त्रीइतकीच तिच्या घरच्यांनाही असते. वर्षानुवर्षे वाढलेल्या जटेच्या भाराने मान व पाठ दुखते, डोके धुता येत नाही, टाळूवर जखमा होतात.

विधवांच्या वपनाची चाल जवळपास नामशेष झाली असली, तरी कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या रीती चालू राहिल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. फुलांचा गजरा माळण्याबाबतचा संकोच मात्र ठरावांनी सुटण्याजोगा नाही. हळदीकुंकवाच्या समारंभात गजऱ्यांचे तबक कोणापुढे थांबते व कोणापुढून पुढे सरकते, यावर तो अवलंबून आहे.